वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही

झाकलेलं उघडून बघायची माझी खोड जुनी. आई संध्याकाळी दुधाला विरजण लावून गाडगं फडताळात ठेवायची आणि मी सकाळपर्यंत दोनदा तरी झाकण उचलून बोट घालायची. दही फिसकटायचं आणि माझ्या पाठीत धपाटा बसायचा. ज्या दिवशी माझा हात लागला नसेल, त्या दिवशी आई पाहुण्यांसमोर गाडगं चक्क उपडं धरायची. एक थेंब पडत नसे. असं दही अख्ख्या तालुक्यात कुणाचं नाही, असा तिचा दावा होता आणि तो खोडायची आमची टाप नव्हती.

अशा मला नोकरी मिळाली ती नेमकी धीर धरायची. धाराशिव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी रक्त तपासते. घोणस चावलेला माणूस आला की त्याचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरपी करून बघायची. रक्त साकळलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलेलं.

गेल्या सोयाबीनच्या सुगीत, सकाळी दहाच्या सुमारास भावानं मोटारसायकलवरून आईलाच आणलं. ढीग उचलताना घोट्याला चावा बसला होता. पाऊल टरारून सुजलेलं.

"कुकरच्या शिट्टीवानी फुसफुसत हुतं," आईनं डॉक्टरांना सांगितलं. म्हणजे घोणसच. वीस मिनिटांनी मी नळी तिरपी केली आणि रक्त सरळ वाहिलं.

डॉक्टरांनी लगेच सलाईनमधून प्रतिविष सुरू केलं. आईला गप्प राहणं कधी जमलंय?

"हे अवशिद कशाचं गं?"

मी सांगितलं, घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, मग त्याच्या रक्तात त्या विषातली प्रथिनं ओळखून धरणारी द्रव्यं तयार होतात, तीच ही. विष बहुतेक तमिळनाडूतल्या सापांचं असतं, हेही बोलून गेले आणि जीभ चावली. घोणस एकच असली तरी मुलखागणिक तिच्या विषातली प्रथिनं कमीजास्त असतात, हे मला ठाऊक होतं.

"म्हंजी तिकडच्या सापावर शिकल्यालं," आई म्हणाली. "आपल्या शिवारातल्याला वळखंल का?"

"वळखंल की," मी म्हणाले. खरं तर मलाच खात्री नव्हती. सहा तासांनी पुन्हा नळी लावायची, तेव्हाच कळणार होतं.

संध्याकाळी मी तिच्या खाटेशेजारच्या टेबलावर नळी लावली. आठव्या मिनिटाला मला राहवेना. उचलून जरा तिरपी केलीच.

"हालविलीस व्हय गं?" खाटेवरून आवाज आला. "इतकी वर्सं हितं नोकरी करतीस, अन् अजून बोट घालायची खोड गेली न्हाय?"

अख्खा वॉर्ड हसला, डॉक्टरसुद्धा. ती नळी बाद झाली. मला दुसऱ्यांदा रक्त घ्यावं लागलं आणि आईनं मला लांबच्या बाकड्यावर बसवलं. नळीवर पहारा आता तिचा. झाडायला आलेल्या मावशींनाही तिनं टेबलाजवळ फिरकू दिलं नाही.

वीस मिनिटं झाली. मी उठले, पण नळीला हात लावायचं धाडसच होईना. वाहिलं तर?

"आण हिकडं," आई म्हणाली.

बूच घट्ट बसवून मी नळी तिच्या हातात दिली. तिनं ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि चक्क उपडी केली.

एक थेंब हलला नाही.

"वळखलं की गं तुझ्या अवशिदानं!"

मी तिच्या गळ्यात पडून रडले, हसले, दोन्ही एकदम. ती मात्र नळी तशीच उपडी धरून डॉक्टरांकडे बघत होती. शाबासकी मिळेपर्यंत भांडं सरळ करायची तिची पद्धत नाही.