नागम्मांचा डावा खांदा

मुरुमच्या बसस्थानकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याला लागूनच इरशादचं फ्लेक्सचं. वाढदिवसाच्या बॅनरवर टकल्या पुढाऱ्यांना केस वाटणारा माणूस तो हाच. पण त्याचा खरा हात बसला होता तो गेलेल्या माणसांवर. आमच्याकडं वयस्कर बायांचा एकटीचा चांगला फोटो कुठं असतो? लोक लग्नातला घोळक्याचा फोटो आणतात आणि म्हणतात, यातली आई तेवढी काढून दे.

इरशाद मग फोटोला मास्क लावतो. नको त्या भागावर पडदा पडतो आणि तिथं राखाडी-पांढरे चौकोन दिसतात, म्हणजे ती जागा आरपार झाली. भाग कुठं जात मात्र नाही. पडदा काढला की परत हजर. "झाकायचं, पुसायचं न्हाय," हा त्याचा नेम.

तो एकदाच मोडला. दोन वर्षांपूर्वी पेंडीचे व्यापारी कल्याणप्पा यांच्या पत्नी नागम्मा वारल्या. बॅनरसाठी फोटो आला तो मुलगी शिवरंजनीच्या फोनमधून, तिच्याच लग्नातला. त्यात नागम्मांच्या खांद्यावर हात टाकून, तोंडभर हसत उभी होती बिस्मिल्लाबी, इरशादची अम्मी. कॅमेरा दिसला की पळणारी बाई, मैत्रिणीनं ओढलं म्हणून तेवढी थांबली होती.

नेमकी त्याच दुपारी ती लेकाचा डबा घेऊन आली. इरशादनं तिला गंमत दाखवली. एक क्लिक, अम्मी गायब. दुसरी क्लिक, अम्मी हजर. ती आधी खुदकन हसली, मग स्क्रीनजवळ वाकली.

"यानी नीचे मैं हूंच ना?"

"हां, अम्मी."

"मेरेकू चौक में नक्को लटका, बेटा. पूरा मिटा डाल."

मी म्हटलं, "चाची, बॅनरवर तुमी दिसणार न्हाय. ऱ्हाऊ द्या की." ती कुठली ऐकते! इरशादनं तिला पुसून फाइल सेव्ह करेपर्यंत आणि आलेला फोटोही काढून टाकेपर्यंत ती खुर्चीमागून हलली नाही.

मला अजून त्याचा राग येतो. एक प्रत बाजूला ठेवली असती तर काय बिघडलं असतं? पण आईशी खोटं वागणं त्याला जमत नव्हतं. शिवाय मूळ फोटो शिवरंजनीकडं होताच. पुढं तिचा फोन बिघडला आणि दुरुस्तीत सगळं साफ झालं.

गेल्या रमजानच्या तोंडावर अम्मी गेली. आधार कार्डावर फोटो आहे, पण तिथं आपण सगळेच पोलीस ठाण्यातून आल्यासारखे दिसतो. इरशाद मला म्हणाला, "भिंतीवर लावायला नको मला. हसतानाची अम्मी एकदा बघायचीय, बस."

परवा कल्याणप्पा दुसऱ्या पुण्यस्मरणाचा बॅनर सांगायला आले. इरशादनं जुनी फाइल उघडली, तारीख बदलली आणि मग उगाच आशेनं फोटोवर चढवलेला एकेक थर बंद करत गेला. अम्मीच्या जागी नुसते चौकोन. शेवटी नागम्मांच्या डाव्या खांद्यावरचा लुगड्याचा एक तुकडा त्यानं हटवला. खाली चार बोटं होती, एकात चांदीची अंगठी. ती बोटं पुसली असती तर लुगड्याला भोक पडलं असतं, म्हणून तेव्हा त्यानं दुसरीकडचं कापड वर चिकटवलं होतं आणि विसरून गेला होता.

तो रडला. स्क्रीनवरच्या त्या बोटांवर आपली बोटं ठेवून, आमच्यासमोर, लहान मुलासारखा. मीही रडलो.

कल्याणप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की रं ती बोटं. तिच्या खांद्यावर हुतीच ती."

"न्हाय मामा. अम्मीनं चौकात नको म्हटलंय."

त्यानं लुगड्याचा तुकडा पुन्हा जागेवर बसवला आणि बॅनर छपाईला लावला.

आता तो चौकात लागलाय. इरशाद येता-जाता त्याच्यासमोर थांबतो आणि नागम्मांच्या डाव्या खांद्याकडं बघत राहतो. लोकांना वाटतं, छपाईत चूक शोधतोय.