गालिच्यावरची मांदेली

“येत्या रविवारपर्यंत हिनं गालिचा सोडला नाय, तर हिची रवानगी माझ्या माहेरी, मोऱ्याला,” सुनंदावहिनी म्हणाल्या. ‘ही’ म्हणजे मांदेली, त्यांची मांजर. ती त्या क्षणी नव्या गालिच्यातले धागे मन लावून उपसत होती. रविवारी मुलीचा साखरपुडा होता आणि पाहुणे त्याच गालिच्यावर बसायचे होते.

“मोऱ्याला बंदरावर कुत्री हायत, मॅडम,” त्यांचे यजमान विलासदादा माझ्याकडे बघत पुटपुटले. घणसोली गावात दोन चाळींचे मालक, धिप्पाड माणूस आणि डोळ्यांत पाणी. मी प्राण्यांची डॉक्टर. अशा वेळी हसू नये हे मला कळतं, जमत नाही.

मांजर ओरबाडते ती खोडी म्हणून नाही. नखांवरचं जुनं टरफल निघतं, अंग ताणलं जातं, जागेला आपला वास लागतो. हे बंद करता येत नाही, फक्त जागा बदलता येते. त्यासाठी स्क्रॅचिंग पोस्ट असतं, म्हणजे दोरी गुंडाळलेला खांब. दादांनी ऑनलाइन मागवलं होतं, पण ते डुगडुगायचं आणि ठेवलं होतं गॅलरीत. मी म्हटलं, खांब पक्का हवा, उंच हवा आणि गालिच्याच्या शेजारीच हवा. वहिनींच्या भावानं मोऱ्याहून काथ्याची दोरी पाठवली. खांब झकास झाला. मांदेलीनं ढुंकून पाहिलं नाही.

बुधवारी मी नुसती सोफ्यावर बसून राहिले. मांदेलीनं गालिच्याला नखं लावली मात्र, दादा आतून धावत आले. “नको गो माझे बाय,” म्हणत तिला उचललं आणि खिशातली सुकट भरवली.

“दादा, रोज असंच करता?”

“मग काय. तवाच थांबते ती.”

“थांबत नाही, तुम्हाला बोलावते. गालिचा ही तिची बेल आहे.”

वहिनी हसता हसता माझ्या शेजारी कोसळल्या.

मग नवे नियम लावले. सुकट फक्त खांबापाशी. गालिचा ओरबाडला तर कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही. कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, कारण चिकट पंजे मांजरांना आवडत नाहीत. आणि दादांनी स्वतः खांबावर नखं घासून दाखवायची, म्हणजे तिला कुतूहल वाटेल.

रविवारी मलाही आमंत्रण होतं. टेप नुकतीच काढली होती. व्याही मंडळी तासभर आधीच आली, तेव्हा दादा रेशमी झब्ब्यात गुडघ्यांवर बसून खांब ओरबाडत होते.

“काय हरवलं का?” विहीणबाईंनी दारातूनच विचारलं.

“नाय, मांजरीला शिकवतोय,” दादा म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

तेवढ्यात मांदेली गालिच्यावर आली आणि पंजा उचलला. वहिनींनी माझं मनगट करकचून धरलं. दादा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांची मान थरथरत होती, पण वळली नाही. मांदेलीनं थोडी वाट पाहिली, कंटाळली, खांबाशी गेली आणि पाठ ताणून करकर सुरू केली. दादांनी झब्ब्यातून मूठभर सुकट काढली. घराच्या हॉलमध्ये अत्तराच्या वर तो वास चढला, आणि सगळ्यात आधी विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मोऱ्याचा बेत वहिनींनीच रद्द केला. मांजर चार दिवसांत शिकली. दादांचा कोर्स अजून चालू आहे.