लेकीच्या सासरी नाताळची भेट

लेकीचं लग्न झालं त्या वर्षी नाताळ जवळ आला तशी माझी झोप उडाली. आम्ही धुळ्याचे, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. तिचं सासर सावद्याजवळच्या खेड्यात, केळीच्या बागा असलेलं हिंदू घर. दोघं जळगावला कॉलेजात भेटली, कोर्टात लग्न केलं आणि दोन्ही घरांनी हळूहळू ते मान्य केलं. येणं-जाणं सुरू झालं, पण बोलताना सगळेच शब्द जपून वापरत.

कुणाला काही दिल्याशिवाय आमच्याकडे नाताळ होत नाही. माझी आई गल्लीतल्या प्रत्येक घरी करंज्यांचं ताट पाठवायची. लेकीच्या सासरी रिकाम्या हाताने जाणं मला जमणारं नव्हतं. पण न्यायचं काय? केक न्यावा तर अंड्याची शंका. कपडे न्यावेत तर कुणी म्हणायचं, हे लोक सणाला वाटतात ते कशासाठी, आम्हाला ठाऊक आहे. हल्ली मोबाइलवर धर्मांतराबद्दल काय काय फिरत असतं. आमचे हे म्हणाले, "काही नेऊ नकोस. पोरीला तिथे राहायचंय."

ते खरंच होतं, म्हणून जास्त टोचलं.

शेवटी मी लोकर आणली. व्याह्यांना स्वेटर, विहीणबाईंना शाल आणि त्याच घरात राहणाऱ्या व्याह्यांच्या थोरल्या भावाला मफलर. दवाखान्यातली ड्युटी संपली की विणत बसायचे. माप चुकलंय असं वाटून स्वेटरची बाही पुन्हा पुन्हा उसवली. एरवी विणताना माझी प्रार्थना चालते, त्या दिवसांत तीही धड होईना.

चर्चमधली उपासना आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. जळगावला एसटी बदलली. यांनी पिशवी वर ठेवायला मागितली, मी दिली नाही.

घरात शिरलो तर सगळे बैठकीत बसलेले. लेक चहा घेऊन आली. तिने पिशवीकडे पाहिलं आणि नजर खाली केली. तरी मी एकेक वस्तू काढून ज्याच्या त्याच्या हातात दिली.

थोरल्या भावाने मफलर उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "बाई, एक इचारू? हे घेतलं म्हंजे आम्हाले काय करा लागते?"

हे चहाच्या कपात बघत राहिले. मी वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"काहीच नाही, आबा," मी म्हणाले. "आमच्या सणात पहिली भेट देवानं दिली. त्याचा मुलगा. तो गोठ्यात जन्मला. कुणी मागितला नव्हता, आणि आधी काही करा, मग देतो, असंही देव म्हणाला नाही. तो आनंद आम्हाला घरात कोंडून ठेवता येत नाही, म्हणून आम्ही देतो. तुम्ही वापरा, नाहीतर ठेवून द्या. तुमच्याकडून काही नको."

एवढं बोलून मला वाटलं, जास्तच बोलले. आता पोरीला ऐकावं लागणार.

तेवढ्यात व्याही उठले आणि शर्टावरच स्वेटर चढवू लागले. डोकं गळ्यात अडकलं. आतून त्यांचा आवाज आला, "अरे, कोनी काढा मले!" लेक धावली, तिने गळा ताणून डोकं मोकळं केलं. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, मग हेही हसले.

थोरले भाऊ हसले नाहीत. वीण बोटांनी चाचपत त्यांनी विचारलं, "हातची हाय?"

"हो."

"बरं." मफलर घडी करून त्यांनी मांडीवर ठेवला.

मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले. लेक मागोमाग आली आणि तिने माझा हात धरला.

"आई, मी किती घाबरले होते."

"पुढच्या वर्षी आणू नको का?"

तिने कप विसळून पालथा घातला. मग म्हणाली, "आण. पण मला आधी सांग."

बाहेर थोरले भाऊ बागेत निघाले होते. मफलर त्यांनी गळ्यात घातला नव्हता, पण हातात होता. तेवढ्यावर समाधान मानावं की नाही, ते मला कळेना.