चोचीतला दाणा

कल्पना करा, तुमच्या पुढ्यात वीतभर लाकडी ठोकळा आहे. त्यात एक पाखरू कोरलंय, पण उलटं: पोटाच्या जागी खड्डा, डावा पंख उजवीकडे. खडूची पूड, सरस आणि जवसाचं तेल यांचा कोमट गोळा तुम्ही त्यात अंगठ्यांनी दाबता. पिसाच्या टोकाशी हवा अडकली की पाखरू वाया. मग गोळा अलगद सोडवायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. थोडा वेळ मजा वाटते. माझ्या आत्यानं उभा जन्म हेच केलं. तिचे अंगठे आता सकाळी वाकत नाहीत. गरम पाण्यात बुडवून त्यांना जागं करावं लागतं.

साचे तिच्या आजोबांनी कोरलेले, वडिलांनी वापरलेले. पाखराच्या उघड्या चोचीत दाणा, ही आमच्या घराची खूण, असं ती सगळ्यांना सांगायची.

परवा जुन्या नाट्यगृहाचा इंजिनिअर छताच्या नक्षीतून निखळलेलं पाखरू घेऊन आला. आजोबांच्या वेळचं, याच साच्यातलं. "अगदी अशीच हवीत," म्हणाला. आत्यानं ते आपल्या पाखराशेजारी ठेवलं. जुन्याची चोच रिकामी होती.

म्हणजे आजोबांनी दाणा कोरलाच नव्हता. साच्यात नंतर कधीतरी एक बारीक भोक पडलं होतं, आणि साच्यातलं भोक म्हणजे बाहेर दाणा.

"ताई, मेण भरा आणि मोकळ्या व्हा," माझी आई म्हणाली. "किड्यानं पोखरलंय, दुसरं काय. जन्मभर किड्याचं कौतुक केलंत."

"बाबांनी टोचलं असेल तर?"

"ते? साच्याजवळ सुई नेली तरी घर डोक्यावर घ्यायचे."

आत्यानं साचा उजेडात धरला. भोकाच्या कडा तेलानं आणि रंगानं कधीच गुळगुळीत झालेल्या. भोक हत्याराचं की किड्याचं, काही कळेना. मेण तिनं भरलं नाही. एकेक पाखरू सोडवून चोचीतला दाणा सुरीनं कापत बसली. दुप्पट काम.

"हौस आहे," आई म्हणाली आणि दुसरी सुरी घेऊन शेजारी बसली. "पाखरं उपाशी, आणि आपणही."

आत्या हसली नाही. सुरी खाली ठेवून अंगठा चोळत राहिली.

"लहान असताना मी बाबांना या पाखराबद्दल विचारलं होतं," ती म्हणाली. "ते नुसते हसले. एवढं आठवतं. दाणा माझ्यासाठी घातला असेल, तर तो त्यानंतरच. म्हणजे मी विचारलं तेव्हा चोच रिकामी हवी."

"मग प्रश्न काय?"

"मी काय विचारलं होतं गं? 'हे काय खातं?' की 'हे काय खातंय?'"