पांढऱ्या टाइलवरचे निळे थेंब

ये गं, अशी जवळ ये. फोनवर तू ऐकतच नाहीस, म्हणून लिहायला बसले. परवा तिकडं स्कॉटलंडात विद्यापीठानं तुझा सत्कार केला. त्यात तू सांगितलंस म्हणे, की लातूरला शिपायाच्या चुकीनं माझं वर्ष बुडत होतं आणि मॅडमनी वाचवलं. बाई गं, जीवरसायनाची एवढी मोठी प्रोफेसर तू, आणि निम्म्या निरीक्षणावर निष्कर्ष काढतेस? उरलेलं निम्मं माझ्याकडं आहे.

आधी माझं ऐक. हा विषय मला कुणी शिकवला नाही. मी निलंग्याची, नांदेडला शिकले ते साधं रसायनशास्त्र. लातूरच्या कॉलेजात लागले आणि दोन वर्षांत प्राचार्य म्हणाले, "बाई, जूनपासून जीवरसायन सुरू करायचंय, तुम्ही शिकवा."

मी म्हटलं, "सर, मला येत नाही."

"मग पोरांना तरी कुठं येतंय?"

झालं! जाडजूड इंग्रजी पुस्तक एका मांडीवर, डिक्शनरी दुसऱ्या मांडीवर, अशी मी एन्झाइमं शिकले. चांगली शिकले. आजही छातीवर हात ठेवून सांगते, तेव्हा जिल्ह्यात माझ्यासारखं शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. खोड एकच, पुस्तकात छापलेलं म्हणजे माझ्यासाठी देवाचं बोलणं.

भूकंपात प्रयोगशाळेचं कपाट आडवं झालं. नळ्या, ब्युरेटा, थर्मामीटर, सगळ्यांचा चुरा. एकच थर्मामीटर वाचला, तो मी ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. पुढं काही वर्षांत शहरात क्लासचं पीक आलं. गल्लोगल्ली पाट्या, सायकलींच्या रांगा, भाड्याच्या एकेका खोलीत चार-चार पोरं. तिथून बारावी करून आमच्याकडं येणारी पोरं एक सवय घेऊनच यायची. निरीक्षणं आधी पाठ, प्रयोग मागून.

तू क्लासला गेली नव्हतीस. भूकंपात आईवडील गेले, चुलत्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये वाढलीस. चुलत्यानं बजावूनच पाठवलं होतं, "एक जरी विषय राहिला तर परत यायचं. स्थळ बघून ठेवलंय." हे मला ठाऊक होतं, म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी मी सारखी तुझ्याच टेबलाशी घुटमळत होते.

प्रयोग तसा लहान लेकराचा. स्टार्चमध्ये आपली लाळ घालायची, परीक्षानळी सगळ्यांच्या सामाईक पातेल्यातल्या कोमट पाण्यात ठेवायची, दर मिनिटाला एक थेंब पांढऱ्या टाइलवर घेऊन आयोडीन टाकायचं. लाळेनं स्टार्च पचवलं की थेंब निळा होत नाही. तेवीस वह्यांत लिहिलेलं, 'पाचव्या मिनिटाला निळा रंग गेला.' तुझ्या वहीत, 'वीस मिनिटं झाली, रंग गेला नाही.'

मी मागं येऊन पुटपुटले, "खोड ते. सगळ्यांसारखं लिही."

"मॅडम, न्हाई गेला तर कसं लिहू?"

नांदेडहून आलेल्या परीक्षकांना दुपारची एस.टी. गाठायची होती. वही बघून म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीला नीट थुंकतासुद्धा येईना की!" पोरं फिदीफिदी हसली. "शून्य द्या हिला."

तू रडली नाहीस. टाइल उचलून त्यांच्या नाकापुढं धरलीस. ओळीनं वीस निळे थेंब. "सर, आता बाकीच्यांच्या बी टाइली बघा की."

बाकीच्यांच्या टाइली धुऊन लख्ख! परीक्षकांनी तुम्हा सगळ्यांना व्हरांड्यात पाठवलं. इथवर तुला ठाऊक आहे. आता आतलं ऐक.

मी कुलूप उघडून थर्मामीटर काढला, पाण्यात धरला. पारा अडुसष्टावर! लाळेतलं एन्झाइम अंगाइतक्या उबेत काम करतं. एवढ्या तापात ते मरतंच. म्हणजे रंग कुणाचाच गेला नव्हता, लिहिलं मात्र तू एकटीनं.

परीक्षक मामांवर घसरले. आमचे प्रयोगशाळेचे शिपाई, त्यांना सगळेच मामा म्हणायचे. "काय हो, चहा ठेवला होता का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. "तसं न्हाई साहेब..." एवढंच म्हणाले आणि खाली बघू लागले.

गोष्ट अशी, की सकाळी वीज गेली म्हणून मामांनी पाणी स्टोव्हवर ठेवलं आणि मला विचारलं, "बाई, किती तापवू?" थर्मामीटर काढायचा कंटाळा. मी म्हटलं, "बाळाच्या अंघोळीला लागतं तेवढं." माझ्या डोक्यात कोमट. मामांची लेक तेव्हा बाळंतपणाला आलेली. आपल्याकडं बाळ-बाळंतिणीचं पाणी कसं, चांगली वाफ निघाली पाहिजे! ते निवू नये म्हणून त्यांनी स्टोव्ह चालूच ठेवला. मी सांगितलं तेच केलं बिचाऱ्यांनी.

शिपायाची चूक म्हटली की प्रकरण तिथंच मिटत होतं. पण मामांची मान वर होईना. मग मी म्हणाले, "सर, पाणी माझ्या सांगण्यानं तापलं. आणि तिला निरीक्षण खोडायला सांगितलं, तेही मीच."

"मग काय बाई, तेवीस जणांना नापास करू?"

"उद्या सकाळी सगळ्यांची परत घ्या. पारा बघून."

"आणि माझी एस.टी.?"

"एस.टी. रोज आहे. आज आमच्याकडं जेवा, मुक्काम करा."

दुसऱ्या दिवशी टाइल धुवायची नाही, असा मी हुकूमच काढला. कुणाचा रंग चौथ्या मिनिटाला गेला, कुणाचा नवव्या. परीक्षक टाइलीवर वाकून वाकून बघत होते, वेळ विसरून गेले. तू पास झालीस, चुलत्याचं स्थळ दुसऱ्या पोरीला गेलं.

पण व्हरांड्यात परीक्षकांचा चढा आवाज तेवढा ऐकू गेला, आणि मामांनी पाणी कढवलं, हे पोरांत पसरलं ते पसरलंच. मी तुम्हाला कधी बोलावून खरं सांगितलं नाही, आणि मामांनीही तोंड उघडलं नाही. तू ते समुद्रापार नेलंस. काल मामांच्या घरी गेले, सगळं कबूल केलं, माफी मागितली. ते हसले, "सोडा बाई. पर त्या पोरीला सांगा, मी पानी बरोबर तापवलो होतो."

मी सांगितलं. पण त्यांना ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. मामा आता फार उठत नाहीत, ऐकूही कमी येतं, फोनचं काम नाही ते. तिकीट काढ आणि लवकर ये.