मामाचा रांजण आणि माझं इंग्रजी

आचऱ्याला माझ्या थोरल्या मामाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एक मातीचा रांजण होता. उंच, बारीक गळ्याचा, खाली निमुळता. स्वतःच्या बुडावर तो उभा राहायचा नाही, म्हणून मामाने त्याला माडाच्या बुंध्याशी वाळूत रोवून ठेवला होता. आम्ही भाचरं खळ्यात काहीही धिंगाणा घालत असू, पण त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मामीसुद्धा त्याच्या भोवतालचा केर हलक्या हाताने काढायची.

त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी अकरा वर्षांची असताना, नारळी पौर्णिमा होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा माझा धाकटा मामा समुद्रात गेला तो परत आला नाही. त्याला शोधताना हा रांजण वर आला होता.

पुढे मी मालवणात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागले. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे बाहेरच्या एका संस्थेतले प्राध्यापक आले. आपल्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश वसाहतकाळाच्या खुणांवर त्यांना तारकर्लीला पुरातत्त्वाची परिषद भरवायची होती. "इथे स्पॅनिश कुठले, सर? पोर्तुगीज म्हणा," असं मी म्हटलं. ते हसले. पोर्तुगालवर स्पेनचाच राजा होता, असा एक काळ होऊन गेला. त्या काळातल्या जहाजांतून स्पेनची चांदी, तेल, दारू या बाजूला यायची, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग वहीत त्या जहाजांवरच्या तेलाच्या रांजणाचं चित्र काढून दाखवलं. मी चटकन बोलून गेले, "असा एक आमच्या मामाकडे आहे."

तोंडाला लगाम नसल्याचं फळ माणसाला कधी ना कधी मिळतंच.

दुसऱ्याच दिवशी सर माझ्याबरोबर आचऱ्याला आले. खळ्यात गुडघे टेकून त्यांनी तासभर रांजण पाहिला, मोजला, फोटो काढले. परिषदेत मांडायला आणि नंतर अभ्यासाला द्याल का, असं विचारलं.  मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "न्हेवंदेत. पण खंय गावलो, कसो गावलो, ता सगळा थंय सांगूक होया. मी सांगतंय, तू तेंका इंग्रजीत सांग."

कुठे आणि कसा सापडला ते सगळं तिथे सांगायचं, ही मामाची अट मी सरांना मराठीत सांगितली. "अरे वा! उत्तमच," ते म्हणाले. पावतीवर घरचं माणूस म्हणून सही मी केली.

परिषदेच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला. मामांना पारंपरिक वेशात आणता येईल का? मामाला मी ते सांगितलंच नाही. तो इस्त्रीची पँट आणि पांढरा शर्ट घालून आला, लग्नाला जाताना घालायचा तोच. रिसॉर्टच्या सभागृहात थंडगार हवा सोडलेली होती. काचेच्या पेटीत रांजण उभा केला होता, खालून दिव्याचा उजेड. मामाने पेटीजवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाला, "पुसलो काय गो ह्येंनी?" त्याच्यावरचे शिंपले खरवडून काढले होते.

सकाळच्या चहाला अध्यक्षांनी सगळ्यांदेखत माझ्या इंग्रजीची तारीफ केली. इतक्या लहान गावात इतकं स्वच्छ इंग्रजी! मला ते आवडलं. हे लिहायला लाज वाटते, पण पुढे जे झालं त्यात या आवडण्याचा वाटा मोठा आहे.

मामाची पाळी जेवणाच्या जरा आधी आली. तोवर सगळी सत्रं लांबली होती. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, अगदी थोडक्यात. सापडला कसा, कुठे, बस्स." मामा माईकपुढे उभा राहिला. घाबरला नाही. सावकाश, एकेक शब्द मोजून बोलला.

"माझो धाकटो भाव दर्यात गेलो. होडी खडपार आपाटली. दोघे पोवान इले, तो येवक नाय. तीन दिस आमी तेका सोदूक जाळी घातलव. तिसऱ्या दिसा जाळा जड लागला. माका वाटला, गावलो. वर काडलव तर ह्यो रांजण. आणि ह्येच्या गळ्यात भावाचो शर्ट अडाकलेलो. तो काय शेवटपर्यंत गावाक नाय. म्हणान ह्यो मी घरात ठेवलंय. दुसरा कायएक कारण नाय."

आणि तो माझ्याकडे बघत थांबला.

मी इंग्रजीत सांगितलं, की हे अनुभवी मच्छीमार आहेत, किनाऱ्याजवळच्या खडकांपाशी मासेमारी करताना हा रांजण त्यांच्या जाळ्यात आला आणि त्यांनी तो अनेक वर्षं प्रेमाने जपला. तीन वाक्यं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मामा टाळ्यांकडे बघत राहिला. भाऊ बुडाल्याचं ऐकून लोक टाळ्या का वाजवतात, हे त्याला कळेना.

तिथेच संपलं असतं, तर कदाचित त्याला कधीच कळलं नसतं. पण स्पेनहून आलेल्या एका बाईंनी हात वर केला. मामाकडे बघून त्यांनी अगदी आदराने विचारलं, रांजणाबरोबर त्या जाळ्यात आणखी काही आलं होतं का?

मी मामाला विचारलं, "मामा, ती विचारता, आणखी काय गावला?"

मामा माझ्या तोंडाकडे पाहू लागला. "आताच सांगलंय मा मी. शर्ट. तिका कळाक नाय?"

अजूनही वेळ होता. एक वाक्य बोलायचं होतं. समोर ती बाई पेन धरून वाट बघत होती, सर घड्याळ दाखवत होते, आणि मधेच हे सांगायचं म्हणजे मघाशी मी सगळं गाळलं हेही सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, "नो. नथिंग एल्स."

"नो" कुणाला कळत नाही? मामा माईकसमोरून बाजूला झाला आणि कुणी सांगायच्या आत खाली येऊन बसला.

जेवताना त्याने पानातलं सगळं संपवलं. सुरमई बर्फातली आहे, एवढंच म्हणाला. परतीच्या रिक्षात मालवण गेलं, ओझर गेलं, तो बाहेर बघत होता. आचऱ्याच्या तिठ्यावर उतरल्यावर म्हणाला, "तुका तो आठवता मा गो?"

"आठवता, मामा."

"मगे? शर्ट तर इंग्रजीच शब्द मा?"

 वेळ कमी होता, सर घाई करत होते, असं काहीतरी मी बोलले. धाकटा मामा मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा. त्याच्या त्या निळ्या शर्टाची कॉलर धरून मी बसायची. मामीने तो शर्ट दोन महिने पेटीत ठेवला आणि मग क्रियेच्या वेळी देहाच्या जागी ठेवायला नाइलाजाने बाहेर काढला, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मला शब्द सुचला नाही, असं म्हणायची सोयच नव्हती.

वर्षभराने परिषदेचं पुस्तक आलं. रांजणाचा पानभर फोटो आणि खाली ओळ: स्पॅनिश बनावटीचा तेलाचा रांजण, मासेमारी करताना योगायोगाने मिळालेला. माहिती, एक स्थानिक मच्छीमार. अनुवाद म्हणून माझं नाव, पदवीसकट. मी सरांना पत्र लिहिलं, खरी हकिगत सगळी लिहिली. त्यांचं उत्तर सौजन्यपूर्ण होतं. भावनिक तपशिलाचा अभ्यासाशी थेट संबंध नाही, तरी पुढच्या आवृत्तीत विचार करू. रांजणाबद्दल त्यांनी लिहिलं, की चाचण्या चालू आहेत. त्या अजून चालू आहेत. पुस्तक मी मामाला नेऊन दाखवलं. त्याने फोटो पाहिला, पुस्तक मिटलं आणि मामीला चहा ठेवायला सांगितलं.

मामा माझ्यावर रागावलेला नाही. गणपतीला बोलावतो, परत येताना पिशवीत बांगडे भरून देतो. पण बँक असो, तहसीलदार कचेरी असो, साहेब लोकांपुढे बोलायचं काम पूर्वीपासून माझंच होतं. "चेडू शिकलेला आसा, ता बोलात," असं तो माझ्याकडे बोट करून अभिमानाने सांगायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला आठ दिवसांनी कळलं. डॉक्टरांशी बोलायला तो शेजारच्या सुनेला घेऊन गेला होता. ती सातवी शिकलेली. तिला म्हणे त्याने रिक्षातच बजावलं होतं, "मी जा सांगान, ताच सांग. कमी नको, जास्त नको."