खिडकीखालची जागा

भांडी घासायचं काम ड्रायव्हरच्या वाट्याला निवृत्तीनंतर आलं, आणि तेही चोरून करायचं.

त्याचा सारा जन्म शहर बस चालवण्यात गेला. डेपोतले लोक त्याला 'सावकाश' म्हणत. कितीही उशीर झालेला असो, लांबून धापा टाकत येणाऱ्या म्हातारीसाठी तो बस थांबवून ठेवायचा. घरातली घाई सगळी बायकोची. ती शिंपीण होती. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, बेसिनला लागूनच तिचं शिलाई मशीन होतं. दुसऱ्या कुठल्या खोलीत तसा उजेड नव्हता, आणि तिथून तिला गॅसवरचं दूधही दिसायचं. अख्ख्या इमारतीच्या पँटी तिने आखूड केल्या होत्या, दोन पिढ्यांचे कोट सैल केले होते. कुणी लाजत लाजत कोट पुढे केला की ती म्हणायची, "लाजताय काय! माणसं सगळी सारखीच असतात, फरक काय तो कमरेत."

एका सकाळी ती खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीच्या शर्टाला बाही जोडत होती. अर्ध्यावर मशीन थांबलं. ड्रायव्हर बाहेर पेपर वाचत होता. बराच वेळ आवाज येईना म्हणून तो आत गेला, तर ती खुर्चीत कलंडली होती आणि उजवा हात कापडावर पडला होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

हॉस्पिटलातून ती घरी आली तेव्हा जीभ पूर्वपदावर आली होती. पाय थोडा ओढत होता, पण चालत होता. हाताचं मात्र अडलं. बोटं मिटत होती, उघडत होती, पण त्यांना काही कळत नव्हतं. गरम-गार नाही, ओलं-कोरडं नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, "घरातली कामं याच हाताने करत राहा." हे ऐकलं आणि तिने भांडी स्वतःकडे घेतली. स्वयंपाक ड्रायव्हर जमेल तसा करायचा. तो खरकट्या भांड्यांना हात लावू लागला की ती म्हणायची, "शिजवा काय शिजवायचंय ते. भांडी माझी."

दुपारी जेवणं झाली की ती बेसिनपाशी उभी राही. उजव्या हातात घासणी, डाव्यात ताट. काम संपवून, हात पुसून ती आडवी होई. तिचा डोळा लागला की ड्रायव्हर उठे. ताटांच्या काठाला भाताची शितं वाळलेली असत. पेल्यांच्या तळाशी साबण. तो नळ अगदी बारीक सोडायचा, आवाज होऊ नये म्हणून पेल्यांखाली फडकं अंथरायचा आणि एकेक भांडं पुन्हा धुऊन जसं होतं तसं, त्याच जागी पालथं घालायचा. उभ्या आयुष्यात ज्याने उगाच हॉर्नसुद्धा वाजवला नव्हता, तो आपल्याच घरात मांजराच्या पावलांनी वावरू लागला.

त्यांची मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती, दुसऱ्या गावी. ती सुट्टीला आली, पाणी प्यायला तिने पेला उचलला आणि उजेडात धरून बघतच राहिली. त्या दिवशी ड्रायव्हरला ते चोरून धुणं साधलं नव्हतं. त्याने डोळ्यांनीच तिला गप्प केलं. पुढे बाजारात जाताना ती म्हणाली, "बाबा, भांडी धुण्याचं मशीन आणू या. मी आणते."

"दोन माणसांची भांडी ती किती! त्याला मशीन कशाला?"

"रोज दुसऱ्यांदा तुम्हीच घासताय ना सगळी?"

ड्रायव्हरने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मुलीने मग आईसमोरच विषय काढला. आईने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"माझ्याच बेसिनवरून मला हाकलताय का?"

"तसं नाही गं आई. सगळीकडे असतं हल्ली. पाणीसुद्धा कमी लागतं."

"आणि दूध करपलेलं पातेलं? ते निघतं का त्यात?"

"ते हातानेच घासावं लागेल," मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली.

"मग झालं तर!"

तरी मुलीने प्लंबरला बोलावलंच. तो जुना ओळखीचा, बोलका माणूस. बेसिनखाली डोकं घालून तो म्हणाला, "पाणी यायला पाइप, जायला पाइप. जागा एकच, ही खिडकीखालची. हे शिलाई मशीन हलवलं की काम फत्ते." असं म्हणून त्याने मशीनवरचं आच्छादन उचललं. सुईत दोरा तसाच होता, आणि सुईखाली अर्धी जोडलेली बाही. शिंपीण दारात उभी होती. प्लंबरने आच्छादन परत टाकलं, कोपरे नीट ओढले, जणू आत कुणी निजलं होतं.

"राहू दे," ड्रायव्हर म्हणाला. "आम्हाला नकोय ते."

मुलगी गेली. घर पुन्हा रुळावर आलं, म्हणजे दुपारची चोरी पुन्हा सुरू झाली.

आणि एका दुपारी शिंपिणीला तहान लागली. ती उठून आली तेव्हा ड्रायव्हर बाह्या सरसावून उभा होता, हातात फेसाने माखलेलं ताट. तिने घासून ठेवलेली बाकीची भांडी शेजारी रांगेत आपली पाळी येण्याची वाट बघत होती. नळ बंद करायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"अगं, हे आपलं जरा..."

"कधीपासून, विचारलं मी."

"तू घरी आल्यापासून."

तिने रांगेतलं एक ताट उचललं आणि डाव्या हाताचा अंगठा काठावरून फिरवला. एका जागी अंगठा अडला.

"मला सांगता येत नव्हतं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता फार चांगलं वाटतंय!"

पाणी न पिताच ती आत निघून गेली. भांडण झालं असतं तर ड्रायव्हरला बरं वाटलं असतं. पण ती भांडली नाही, रडली नाही, नुसती बेसिनकडे यायची बंद झाली. आता ड्रायव्हर उजळ माथ्याने भांडी घासू लागला. नळ हवा तेवढा सोडायला मोकळीक होती, खणखणाट झाला तरी हरकत नव्हती. तरी त्या कामाचं इतकं ओझं त्याला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. घासता घासता त्याच्या ध्यानात आलं की हे चोरून धुणं तिच्यासाठी कमी आणि स्वतःसाठीच जास्त होतं. ताट स्वच्छ दिसलं की तिचा हात बरा आहे, असं त्याला मानता येत होतं. ती डोळे मिटून पडायची ते झोपेसाठी. जागेपणी डोळे मिटलेले होते ते त्याचे.

पुढच्या आठवड्यात जेवता जेवता ती अचानक बोलली. "पोरीला कळवा. ते मशीन आणायचं."

ड्रायव्हरचा घास हातातच राहिला. "कशाला? मी करतोय ना. आणि जागा कुठे आहे?"

"खिडकीखाली आहे."

"तिथे तुझं..."

"तिथे काय आहे ते मला ठाऊक आहे." तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर नीट ठेवला. "मी भांडी आत लावीन, ते धुईल. एखादं राहिलं तर राहिलं म्हणून दिसेल. माझा डोळा लागायची वाट बघत ते बसणार नाही. त्या पेटीला माझी कीव येत नाही."

"मला कुठे कीव..."

"येते. येऊ दे की. एवढी वर्षं एका घरात काढल्यावर तेवढी यायलाच हवी. पण आली तर माझ्या तोंडावर येऊ दे. माझ्या पाठीमागे काही करायचं नाही. भांडी नाहीत, दुसरंही काही नाही."

ड्रायव्हरने मान हलवली. मग हातातला घास खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खुर्ची ओढून घेतली आणि आच्छादन काढायला लावलं. सुईखालचा शर्ट सोडवायचा होता. ड्रायव्हरने कात्री भलत्याच जागी चालवली तशी ती ओरडली, "अहो, कापड नका कापू, दोरा कापा! आधी तो दांडा वर करा. डावीकडचा. तुमची डावी बाजू कुठली ती आठवते ना?" आजारपणानंतर ती पहिल्यांदाच अशी खेकसली. ड्रायव्हरला ते फार बरं वाटलं, पण त्याने तसं दाखवलं नाही.

शर्ट परत करायला ती स्वतः निघाली. घरी आल्यापासून ती जिना उतरली होती ती फक्त दवाखान्यासाठी, आणि तेव्हाही हात शालीखाली दडवून. आज तिने शाल घेतली नाही. घड्याळजीने दार उघडलं, शर्ट पाहिला, तिचा हात पाहिला.

"एक बाही राहिली," ती म्हणाली. "माझ्याच्याने आता व्हायची नाही. दुसऱ्या कुणाकडून जोडून घ्या."

घड्याळजीने खुर्ची पुढे केली. "बसा ना," एवढंच तो म्हणाला. ती बसली. चहा घेऊन, त्याच्या सुनेशी गप्पा मारून ती वर आली तेव्हा दमली होती, पण चेहऱ्यावर थोडा रंग होता.

शिलाई मशीन पलीकडच्या रस्त्यावरच्या एका विधवा बाईला दिलं. ती पूर्वी हिच्याकडे बटणं-हूक लावायला यायची. हमाल मशीन उचलायला आले तशी त्या बाईच्या डोळ्यांना धार लागली. शिंपीण म्हणाली, "रडू नका हो, गंज चढेल. आणि वापरा त्याला. पुसून ठेवायला देत नाहीये मी." ते जिन्याच्या वळणावरून दिसेनासं होईपर्यंत ती कठड्याला धरून उभी राहिली. मग आत येऊन तिने मशीनच्या जागेवरची धूळ झाडली, टाचण्या वेचल्या आणि त्यानंतर खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हा ड्रायव्हर तिच्या खोलीत गेला नाही. तेवढं त्याला कळत होतं.

भांड्यांचं मशीन आलं. पहिल्या दिवशी दोघं समोर खुर्च्या टाकून बसले. आत पाणी धपाधप आपटत होतं आणि मध्येच सगळं चिडीचूप होई. "बिघडलं वाटतं," ड्रायव्हर दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी ते पुन्हा सुरू व्हायचं. भांडी लावायचं काम तिचं. डाव्या हाताने ताट खाचेत सरकवायचं, उजव्याने टेकू द्यायचा. ड्रायव्हरने मदत म्हणून वाट्या उताण्या ठेवल्या तर तिने त्याला उठवलंच. "पाणी साठवायचंय का त्यात? सरका." मोठी पातेली त्यात मावत नसत, करपलेलं निघत नसे, आणि हाताने झटक्यात होणाऱ्या कामाला ते खूपच वेळ खाई. लोकांनी विचारलं, घेण्यासारखं आहे का, तर ड्रायव्हर हे सगळं सांगे आणि शेवटी म्हणे, "आमच्या घरी लागत होतं." पहिले काही दिवस तर दुपारी ती झोपली की तो सवयीने उठायचा, स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या बेसिनपाशी उभा राहायचा आणि परत यायचा.

थंडी सुरू झाली तेव्हा व्यायामाच्या बाईंनी तिचा हात पुन्हा तपासला. ती चपला घालत होती तोवर त्यांनी ड्रायव्हरला बाजूला बोलावलं. बोटांतली जाणीव आता आणखी फारशी येईल असं वाटत नाही, त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना एवढ्यात सांगू नका. उमेद जाते."

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. ती खिडकीशी. एक थांबा गेला, दुसरा गेला. घरी गेल्यावर सांगू, जेवण झाल्यावर सांगू, असं त्याच्या मनात येत होतं, आणि पुढचं काय ते त्याला कळत होतं: मग उद्या, मग कधीच नाही.

"बाई म्हणाल्या, हात आता आहे तेवढाच राहील," तो म्हणाला. "तुला सांगू नका, म्हणाल्या."

ती बाहेरच बघत होती. "बरं," एवढंच म्हणाली. मग तिचे खांदे हलू लागले. ड्रायव्हरने तिचा उजवा हात हातात घेतला. तिला ते कळणार नव्हतं, म्हणून मग त्याने जरा वाकून डावाही घेतला. त्यांचा थांबा आला.

"उतरायचं?"

"पुढच्याला," ती म्हणाली.

पुढच्या थांब्याला ती दोघं उतरली आणि तेवढं अंतर चालत मागे आली.

हात खरंच तेवढाच राहिला. पण त्या हिवाळ्यापासून ती सकाळी पलीकडच्या रस्त्यावर, त्या बाईकडे जाऊन बसू लागली. खडू डाव्या हातात धरून कापडावर रेघा आखून द्यायची. रेघ वाकडी गेली तर ती बाई म्हणायची, "ताई, इथे चुकलंय." आणि शिंपीण वाकून बघायची, म्हणायची, "हो की. पुसा, पुन्हा काढते."